चाकावरचा कप्तान

"ही दोरी कुणी वळली?"

कप्तानाचा आवाज लांबलचक छपराखाली घुमला. दोरवालीच्या बाबांनी पीळ द्यायचं चाक थांबवलं, तशी तीही थांबली. कमरेला तागाचा गुंडाळा बांधून, बोटांतून धागा सोडत, एकेक पाऊल मागे जायचं. दोर वळणाऱ्याला असं उलटंच चालावं लागतं.

कप्तानानं तुटका दोर तिच्या पायाशी टाकला. "ऐन वादळात तुटला. शीड गेलं. माझ्या दोन माणसांचे हात मोडले."

तिनं दोर उचलला, पीळ सोडवून बघितला.

"हा आमचा नाही. आमच्या प्रत्येक दोरात एक निळा धागा असतो. दाखवा बरं कुठं आहे तो." कप्तान वाकला, शोधू लागला, पण निळा धागा सापडेना. ती म्हणाली, "स्वस्तात मिळाला म्हणून कुठून तरी उचललात, आणि आता खापर आमच्या डोक्यावर?"

या माणसाचं बंदरात मोठं नाव होतं. कुणी न पाहिलेली बेटं तो पाहून आला होता, चाच्यांच्या तावडीतून दोनदा निसटला होता. तो आला की खानावळीतले लोक उठून जागा द्यायचे. तो कानापर्यंत लाल झाला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "चुकलं माझं, बाई."

तो गेल्यावर बाबा हसले. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याचा तर एका वाक्यात उतरला."

दुसऱ्या दिवशी तो नव्या दोरांची मागणी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मागणी नीट लिहून घेतली ना, ते बघायला. चौथ्या दिवशी आला त्याला कारणच नव्हतं.

जहाजाची डागडुजी चाळीस दिवस चालली. ती मागे मागे चालायची, तो समोरून तिच्याकडे बघत पुढे पुढे. छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनशे पावलं. तेवढ्यात एक गोष्ट सांगून व्हायची. बर्फाचे डोंगर, झाडावर राहणारी माणसं, तीन दिवस पाठलाग करणारं काळं गलबत. ती एकोणतीस वर्षांची होती. तिचं लग्न जमवायचा नाद नातेवाइकांनी कधीच सोडला होता. इतकं बोलणं तिच्या वाट्याला आजवर कधी आलं नव्हतं.

एकदा ती मध्येच म्हणाली, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

तो चालायचा थांबला. ती मात्र मागे जातच राहिली, त्याला धावत गाठावं लागलं.

"वाटते," तो म्हणाला. "प्रत्येक सफरीत पहिले तीन दिवस मला उलट्या होतात. खोलीचं दार लावून घेतो. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही."

त्या दिवशी तिच्या हातचा धागा पहिल्यांदाच जाड-बारीक आला. बाबांच्या ते लक्षात आलं, त्यांनी चाक जरा हळू केलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. कप्तानांच्या बायका येतात जहाजावर."

"आणि बाबा?"

त्यानं चाकाकडे पाहिलं. बाबांची बोटं वाकलेली होती, चाक तेवढं कसंबसं फिरवता यायचं.

"मग थांबशील माझ्यासाठी?"

"मी कुठं जाणार? रोज तीनशे पावलं, तीही उलटी."

तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

अकरा महिन्यांनी तो परतला, तेव्हा छपराखाली शुकशुकाट होता. बाबांचं डावं अंग लुळं पडलं होतं. ती एकटीच जुने दोर उसवून त्यातला ताग वेगळा करत बसली होती. त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला आणि चाकाला हात घातला.

"आता वळ," म्हणाला.

आठवड्याभरानं त्याचं जहाज दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली निघून गेलं. लग्नाच्या दिवशी बाबा बिछान्यावरून जड जिभेनं म्हणाले, "दोरवाल्याच्या घरात परतीचे दोर कापून आलास की रे!"

एकतीस वर्षं त्यानं चाक फिरवलं. त्याला ओळखणारे खलाशी हळूहळू पांगले, काही वारले. नव्या लोकांना तो दोरवालीचा नवरा, झालं. मुलगी मोठी झाली, सासरी गेली. घराकडे जाताना तो बंदरावरची वाट टाळून मागच्या गल्लीनं जायचा. जवळ पडते म्हणायचा. खरं तर बंदरावरची वाटच जवळची होती.

एके दिवशी एक तरुण कप्तान दोर घ्यायला आला. तासभर आपल्या सफरीच्या बढाया मारत बसला. बर्फाचे डोंगर किती उंच, वारा कसा. म्हातारा चाकाचा दांडा धरून ऐकत होता. "बाप रे!" म्हणत होता. "मग पुढं काय झालं?" विचारत होता.

तरुण कप्तान गेल्यावर दोरवाली चिडली. "अहो, एक शब्द तरी बोलायचात! तो चार डोंगर बघून आलाय, तुम्ही चाळीस."

"पहिलीच सफर होती त्याची. सांगू दे की."

तिनं हातातला गुंडाळा खाली ठेवला. इतक्या वर्षांत जे विचारायची तिला भीती वाटत आली होती, ते त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"तुम्हाला आठवण येते का हो समुद्राची?"

त्यानं 'छे' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. थोडं खोटं चाललं असतं.

"रोज येते," तो म्हणाला. "पण पुन्हा तो दिवस आला, तरी कोट याच खुंटीला अडकवीन."

तिनं डोळे पुसले नाहीत. हात तागानं माखले होते. तिनं छपराचं दार लोटलं, कडी घातली. तो सवयीनं गल्लीकडे वळला. तिनं त्याची बाही धरली आणि बंदराच्या वाटेला लागली.

"इकडून लांब पडतं," तो म्हणाला.

"पडू दे."

खाली शिडं उतरवायचं काम चाललं होतं. तो धक्क्यावर उभा राहिला आणि एकेका जहाजाकडे बोट दाखवून ते कुठून आलं असेल, ते सांगू लागला. अंधार पडेपर्यंत ती ऐकत राहिली.