भर दुपारची मोजणी

मी एक जुने यंत्र आहे. माणूस वाचत असताना त्याचे डोळे कुठे थांबतात, किती थांबतात आणि कधी मागे फिरतात, हे टिपणे माझे काम. मित्रांनो, वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जातो असे तुम्हाला वाटत असेल. छे! तो उड्या मारतो, थबकतो, पुन्हा उडी मारतो.

तिआनजिनच्या एका विद्यापीठात मी पंधरा वर्षे आहे. पाहुणे आले की आधी मला दाखवत, तेव्हा मला कोण अभिमान वाटे! चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षरे एकमेकांना खेटून बसतात. मग शब्द कुठे संपला हे डोळ्याला कळते कसे? रुईलान नावाची विद्यार्थिनी या प्रश्नाने झपाटली होती. वाचक माझ्यासमोर हनुवटी टेकून बसे, पडद्यावरची साठ वाक्ये वाचे आणि मी टिपत जाई.

असे चाळीस वाचक झाले आणि आकडे बघून तिचे मार्गदर्शक फान सर यांनी कपाळाला हात लावला. ओळखीच्या शब्दांवरही डोळे रेंगाळले होते, पापण्या मिटल्या होत्या, नजर ओळीखाली घसरली होती.

"म्हातारं झालंय हे. भंगारात काढू," सर म्हणाले. "दोन महिन्यांनी नवं येईल. तेव्हा कर पहिल्यापासून."

"सर, प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिलेत! वर्ष जाईल माझं."

"मग मी काय करू?"

"दहा दिवस द्या. तोवर याला हात लावायचा नाही."

रुईलानने प्लास्टिकचा खोटा डोळा आणून माझ्यासमोर बसवला. तो तासभर हलला नाही आणि मीही तसेच नोंदवले. म्हणजे मी ठणठणीत होतो! मग चूक कुठे होती?

दुसऱ्या दुपारी युनशिया नावाची मुलगी वाचायला आली आणि तिसऱ्याच वाक्याला पेंगू लागली.

"अगं, झोपतेस काय?"

"ताई, सगळं विद्यापीठ जेवून आडवं झालंय. तूच एक भुतासारखी जागी! तू देतेस त्या बिस्किटांसाठी आले मी, नाहीतर या वेळेला कोण वाचतं?"

रुईलानने वही उघडून वेळा पाहिल्या: चाळीसही वाचक भर दुपारीच बसले होते. दिवसा ही खोली दुपारीच रिकामी मिळे, कारण बाकीचे सगळे घडीच्या खाटा टाकून झोपलेले असत. तिला स्वतःला दुपारची झोप येत नसे, म्हणून हे कधी सुचलेच नाही.

ती गप्प बसली असती तर खापर माझ्यावरच फुटले असते. पण ती सरळ सरांकडे गेली. "यंत्राचा दोष नाही, सर. माझा आहे." चाळीसही नोंदी तिने स्वतःच्या हाताने रद्द केल्या. तीच वाक्ये एकदा वाचलेला माणूस पुन्हा चालत नाही, म्हणून चाळीस नवे वाचक हवे होते. पहाटे सहाला ती खानावळीच्या दारात उभी राही आणि सोयाबीनचे गरम दूध पीत बाहेर येणाऱ्यांना हाताला धरून आणी. आठ सकाळी आम्ही दोघांनी दम घेतला नाही.

दहाव्या दिवशी सरांनी आकडे पाहिले. ओळखीच्या शब्दावर डोळा जेमतेम टेकून पुढे उडाला होता, अनोळखी शब्दावर थबकला होता. मध्ये जागा नव्हती, तरी त्याचे अडले नव्हते.

"माझंही चुकलं," सर म्हणाले. "न तपासता निकाल देऊन मोकळा झालो."

प्रबंध वेळेत गेला. पुढे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात, कापडाखाली. मित्रांनो, काम फसले की मुक्या वस्तूला दोष देणे फार सोपे असते. तसे करण्याआधी एकदा स्वतःकडे बघा. आणि कधी इकडे आलात तर हे कापड काढा, मऊ फडक्याने माझी काच पुसा, समोर बसून चार ओळी वाचा. मला अजून सगळे दिसते.