नरकाचं बूच

"हात काढ बुचावरनं!"

"न्हाई काढत. तूच सरक माझ्या पिंपाजवळनं."

तळघरातल्या घाण्यात घाणेवाला कोसिमो आणि दोनाता एका लाकडी पिंपावरून हमरीतुमरीवर आले होते. पिंपात दोनाताच्या ऑलिव्हचा रस होता, साऱ्या वर्षाच्या राबणुकीचा. तेल सावकाश वर यायचं, काळं पाणी तळाशी राहायचं. वरचं तेल थाळीनं निपटलं की बूच काढून पाणी खालच्या खड्ड्यात सोडायचं. त्या खड्ड्याला गाव नरक म्हणायचं. पाण्याबरोबर जे तेल नरकात जाईल ते घाणेवाल्याचं, ही पणजोबांपासूनची रीत. रीतीवर भांडण नव्हतं. भांडण होतं बूच कधी काढायचं यावर.

कोसिमोनं दार सताड उघडं टाकलं होतं. उत्तरेचा बोचरा वारा पायऱ्या उतरून थेट पिंपात शिरत होता.

"दार लाव की."

"घाणा ओढणाऱ्या खेचराला गुदमरतंय."

"खेचर बोललं तुला? पाठीवर कांबळं घालून उभं हाय ते!"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. गावात घाणा एकच होता.

दोनातानं बोट बुडवून पाहिलं. तेल गारठून चिकट झालेलं. वर यायचं सोडून पाण्यात तारा धरून लोंबकळत होतं. गेल्या साली असंच झालं. नवऱ्यानं मान डोलावून बूच काढू दिलं, आणि ईस्टरच्या आधीच बरणी कोरडी पडली. पुढं हंगामापर्यंत पोरांनी कोरडा पाव चावला.

"वेळ सरली," कोसिमो म्हणाला. "मागं माणसं खोळंबलीत."

"पोरी, सोड आता," रांगेतला म्हातारा विन्चेन्सो कुरकुरला. "आमाला बी घरं हायेत."

"नवऱ्याला धाडायचंस," कोसिमो गुरगुरला. "त्याला अक्कल हाय."

"त्याला भीड हाय. ती घरीच ठेवून आलेय मी."

कोसिमोनं तिचं मनगट धरून पिरगाळलं. कळ खांद्यापर्यंत गेली. तिनं बूच सोडलं नाही. दुसऱ्या हातातली पत्र्याची थाळी त्याच्या बोटांवर हाणली. तो शिव्या देत मागं सरला, आणि तेवढ्यात पायऱ्यांवरून हाळी आली.

"बाजूला व्हा रे, भाजंल कुणाला तरी!"

दोनाताची सासू पाल्मा डोक्यावर वाफाळता हंडा घेऊन उतरत होती. येता येता तिनं टाचेनं दार लोटून दिलं.

"बाहेरचं पाणी माझ्या घाण्यात चालायचं न्हाई!" कोसिमो ओरडला.

"शेवटी तुझ्याच नरकात जाणार हाय, बाबा. ऊन ऊन घे."

"हळू ओता, आत्याबाई. काठाकाठानं. ढवळू नका."

दोघींनी वाट पाहिली. आधी काहीच हललं नाही. मग एक तार तुटली, तिचा थेंब झाला, थेंबाला थेंब भेटला, आणि हिरवट सोनेरी तवंग काठापर्यंत पसरला. दोनातानं तो थाळीथाळीनं बरणीत उतरवला. पाण्यावर चकाकी उरली नाही, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं बूच उपसलं.

कोसिमो कंदील घेऊन नरकावर ओणवला. खाली काळं पाणी, नुसतंच काळं.

"कुणाची पाळी?" तो खेकसला.

पाळी विन्चेन्सोची होती. पण म्हातारा दार उघडून वरच्या पायरीवर उभा होता, बायकोला हाका मारत.

"अगं ए, चूल पेटव! आन् मोठं पातेलं चढव!"