मटार सोलत ऐकलेलं गाणं

आमच्या लोकगीतांच्या मेळ्याला आई दरवर्षी असायची, पण तिनं एकही गाणं धड ऐकलेलं नव्हतं. गाणी शाळेच्या मैदानावर आणि आई शाळेमागच्या स्वयंपाकघरात. गाणी संपली की गाणारे, ऐकणारे, खुर्च्या उचलणारे सगळे एकत्र जेवायला बसत. त्या सगळ्यांच्या पोटाची काळजी आईच्या डोक्यावर. मैदानातून टाळ्या ऐकू आल्या की ती म्हणायची, "झालं वाटतं एक," आणि पुन्हा कढईकडे वळायची.

त्या वर्षी मात्र ती सकाळपासून गप्प होती. मावशी, म्हणजे तिची धाकटी बहीण, बस चालवायची आणि मेळ्यात गायची. आता नोकरी संपवून ती लेकाकडे दूरच्या शहरात कायमची राहायला निघाली होती. जाण्याआधी ती आजीनं दोघींना शिकवलेलं गाणं गाणार होती. आईला ते एकदा समोर बसून ऐकायचं होतं. मागणं एवढंच, आणि इकडे सोलायचे मटार पोत्यांनी पडलेले.

"तू जा, मी सोलते," मी म्हटलं.

"एकटी? मग उद्या सकाळी जेवायला घालशील लोकांना," आई म्हणाली. "राहू दे. दार उघडं ठेव, येईल तेवढं ऐकू."

दारातून फक्त जनरेटरची घरघर येत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवायला सगळे, आणि राबायला माझी आई? मी एक पोतं फरफटत थेट मंचासमोर नेलं.

हयातभर पत्रं वाटलेले टपालकाका निवेदन करत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे काय आणलंस, बाई?"

"तुमचं जेवण. सोललंत तर मिळेल. आणि आई पहिल्या रांगेत बसल्याशिवाय मावशी गाणार नाही म्हणते."

हे दुसरं मी तिथल्या तिथे ठोकून दिलं होतं. पण मावशीनं माईक ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "खरंय तिचं."

टपालकाकांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि रांगेरांगेतून शेंगा वाटायला लागले. बँकेच्या मॅनेजरनं टोपी काढून तीत दाणे जमवले. ढोलकीवाल्याचे हात अडकलेले, म्हणून त्याच्या वाटच्या शेंगा त्याच्या सासूबाईंनी घेतल्या आणि तसं चार जणांना ऐकवलंही. दाणे गुपचूप तोंडात टाकणारे होतेच. त्यांच्यावर त्यांच्याच बायका डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होत्या. राहिलेली पोती लोकांनी स्वतःच जाऊन आणली.

आईला दोन बायकांनी दंडाला धरून आणलं. ॲप्रनला हात पुसत ती बसली आणि लगेच शेजारच्यांना बजावायला लागली, "अहो, कीड बघून घ्या, घाई नको." मग मावशीनं गाणं धरलं आणि आईचे हात मांडीवर तसेच राहिले. ती पापणीही न हलवता ऐकत होती. हळूहळू मागच्या रांगांमधला शेंगांचा आवाजही बंद झाला. मी रडले, सरळ सांगते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

जेवणाला भलताच उशीर झाला आणि भाजीत मटार शोधावे लागले. तरी एकानंही कुरकुर केली नाही. मी सोललेला दाणा तुझ्याच ताटात आलाय, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता.

मावशी ताट घेऊन आईशेजारी बसली. "कसं झालं गं, ताई?"

"दुसऱ्या कडव्यात घाई करतेस," आई म्हणाली. "आपली आई तिथे श्वास घ्यायची."

मावशीचा घास हातातच राहिला.

"इतकी वर्षं टाळ्या घेतल्या," ती म्हणाली, "पण हे सांगायला तू नव्हतीस."

तिनं ताट बाजूला सारलं, आईचा हात हातात घेतला आणि तिथेच दुसरं कडवं पुन्हा सुरू केलं. थांबायची जागा आली तशी आईनं तिचा हात दाबला, आणि दोघींनी मिळून श्वास घेतला.