तिसऱ्या गटातला रविवार

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने सायकल घेतली त्याला जेमतेम चार महिने झाले होते. रविवारी सकाळी तलावाजवळ सायकलवाल्यांचे तीन गट जमायचे. पहिला म्हाताऱ्यांचा, गप्पा मारत जाणारा, दुसरा जरा नेट लावणारा, आणि तिसरा ताशी पस्तीसने, चाकामागे चाक ठेवून सुसाट. तिसऱ्यात त्याचा साडू होता. हा साडू मोटार चालवायला शिकवायचा, आणि सासरी सगळे जेवायला बसले की हमखास विचारायचा, "काय, अजून पेन्शनरांबरोबरच का?"

त्या रविवारी टर्नर तिसऱ्या गटात जाऊन उभा राहिला. कवायतीचे निवृत्त मास्तर गट लावायचे. त्यांना सगळे सर म्हणत.

"वेग किती असतो तुझा?" सरांनी विचारलं.

"बत्तीस-तेहतीस."

"घोळक्यात चालवलीयस?"

"खूपदा."

लेथवर केसाएवढं माप चुकलं तरी जॉब भंगारात टाकणारा हा माणूस, पण दोन्ही उत्तरं धादांत खोटी होती. साडू शेजारीच उभा होता. तो गालातल्या गालात हसला आणि गप्प राहिला.

"पुढे असताना ब्रेक मारायचा नाही," सर म्हणाले. "नाही झेपलं तर सांग आणि बाजूला हो. त्यात कमीपणा नाही."

दहा किलोमीटर तो कसाबसा टिकला. मग पुढे राहायची पाळी त्याच्यावर आली. छातीचा भाता झाला होता, डोळ्यांत घाम उतरला होता. पुलाच्या उतारावर समोर खड्डा दिसला आणि त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

मागून साडू त्याच्या चाकावर आदळला आणि तोंडावर पडला. त्याच्यामागे पोस्टात पत्रं वाटणारी बाई होती. ती त्याच्यावरून उडाली आणि कठड्यावर आपटली. तिच्या मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ती ओरडली नाही, हाताकडे नुसती बघत राहिली. टर्नरला मात्र ओरखडासुद्धा आला नव्हता.

साडू उठला. समोरचे दोन दात गेले होते, खालचा ओठ लोंबत होता. त्याने सायकलचा पंप उपसला आणि टर्नरच्या कानावर हाणला. कान फाटला. दुसरा फटका गुडघ्यावर बसला, तिसरा पाठीत. तीन फटके टर्नरने मुकाट खाल्ले. चौथ्याला त्याने साडूचा गळा धरला आणि त्याला रस्त्यावर पाडून डोकं डांबरावर आपटलं. एकदा, परत एकदा. साडूने त्याच्या अंगठ्याचा लचका तोडला.

सरांनी दोघांना मानगुटीला धरून ओढलं. "जनावरांनो, ती बाई मरतेय तिकडे."

इस्पितळात कानाला टाके घालून टर्नर बाहेर बाकावर आला, तर साडू तिथेच बसलेला. तोंडावर बोळा, डोक्याला पट्टी.

"मी खोटं बोललो सरांशी," टर्नर म्हणाला.

"माहितीये," साडू बोळा बाजूला करून बोबडं बोलला. "म्हटलं, जाऊ दे, दमून रडेल वाटेत. मजा येईल."

टर्नरची मूठ वळली. साडूने चेहरा पुढे केला आणि डोळे मिटले. टर्नरला मारवेना.

ते दोघे मिळून पोस्टातल्या बाईच्या खाटेपाशी गेले. आधी टर्नरने सांगितलं, मग साडूने. तिने दोघांचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं घरचं भांडण," ती म्हणाली. "आणि हात माझा."

साडूने बोळा परत ओठावर दाबला.

"जा आता. नर्सला बोलवा, मला उलटी होतेय."

साडू बाहेर धावला. तिथे भांडं नव्हतं, म्हणून टर्नरने दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली. तिने डाव्या हाताने ती झिडकारली आणि चादरीवरच ओकली.