मामंजींचं बटण

दोन वाजेपर्यंत पेशंटला झोपू द्यायचं नाही, असं वॉर्डातल्या सिस्टर बजावून गेल्या आणि क्वाकांच्या घरच्या बायकांनी कंबर कसली. भूल उतरेपर्यंत माणसाला जागं ठेवायचं आणि त्याच्याकडून खोल श्वास घेववायचे, हे काम दक्षिण कोरियातल्या मोक्पो गावच्या कुठल्याही इस्पितळात घरच्यांचंच. सासूबाईंनी उशाशी ठाण मांडलं, थोरल्या वन्सं पायथ्याशी बसल्या.

"अहो, डोळे उघडा! माझ्याकडे बघा!"

"बाबा, श्वास घ्या. मोठ्ठा! हा काय श्वास झाला?"

एकीने गालावर चापट्या माराव्यात, दुसरीने तळपाय चोळावेत. आतड्यातली गाठ काढून आलेला शहात्तर वर्षांचा माणूस. त्याला निवांत कण्हायलासुद्धा मिळेना. वन्संनी थर्मासमधून समुद्री शिंपल्यांची पेज आणली होती. पेशंटचा वारा सरेपर्यंत त्याच्या पोटात पाण्याचा थेंब जायचा नाही हे तिघींनाही माहीत होतं, पण रिकाम्या हाताने येतील त्या वन्सं कसल्या! पेज शेवटी त्यांनीच खाल्ली.

मीरान या घरची एकुलती एक सून. तिच्या वाट्याला खाटेच्या पलीकडची बाजू आली होती. तिकडे सलाईनचा खांब होता, त्याला टांगलेला औषधाचा पंप होता, आणि स्टुलावर प्यो सिस्टरांचं ते मशीन होतं. मीरानचं सगळं लक्ष त्या मशीनकडे, कारण ते तिच्यामुळे तिथे आलं होतं.

झालं होतं असं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संशोधन विभागातल्या प्यो सिस्टर खाटेपाशी आल्या होत्या. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून अफूच्या जातीचं औषध देतात, त्याने काही जणांचा श्वास झोपेत मंदावतो, एखाद्याचा थांबतो. कुणाचा थांबतो आणि का, हे आधी ओळखता येत नाही. ते शोधायचं म्हणून नाकाशी एक बारीक नळी लावून बाहेर येणारा प्रत्येक श्वास टिपायचा होता.

"आमचा माणूस काय उंदीर आहे प्रयोगाला?" सासूबाई उसळल्या होत्या.

मामंजी काहीच बोलले नव्हते. उभा जन्म मिठागरात काढलेला माणूस. बोलणं म्हणजे त्यांना फुकटची उधळपट्टी वाटायची. मग मीराननेच सासूबाईंना पटवलं. "आई, एक मशीन जास्तीचं लागतंय, लागू दे की. चांगलंच आहे." या एवढ्या वाक्यावर गाडी पुढे गेली. नवरा जहाजावर, तिकडे फोनही धड लागत नव्हता, तेव्हा मामंजींच्या सहीखाली घरचं माणूस म्हणून सही तिनेच केली.

पण प्यो सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीही दोनदा. हे मशीन राखण करत नाही. पडद्यावर काळं झाकण असतं, भोंगा बंद असतो. कुणाचं लक्ष नसताना श्वासाचं काय होतं तेच बघायचं आहे, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरांनासुद्धा त्यातलं काही दिसत नाही. त्या नेहमीसारख्या फेऱ्या मारतील, आणि तुम्हीही नेहमीसारखंच लक्ष ठेवा. मीरानने हे नीट ऐकलं होतं. सासूबाईंना सांगताना तेवढं गाळलं. वाद संपवायचा होता ना!

दोन वाजले. सिस्टर आल्या, रक्तदाब बघितला, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला, "छान आहे, आता झोपले तरी चालेल," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. बायकांनी गंगेत घोडं न्हाल्यासारखा सुस्कारा टाकला. मामंजींनी डोळे मिटले, आणि मिटता मिटता त्यांच्या कपाळावर आठी आली.

"दुखतंय त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "ते बटण दाब गं."

पंपाला एक हिरवं बटण वायरीने लटकत होतं. दुखलं की पेशंटने ते दाबायचं, औषधाचा एक घोट शिरेत जातो. भूलतज्ज्ञांनी ते मामंजींच्या मुठीत दिलं होतं आणि सांगितलं होतं, ज्याला दुखतं त्यानेच दाबायचं.

"आई, त्यांनी स्वतः दाबायचंय म्हणे."

"ते दाबतील? पायावरून दगडी रूळ गेला तरी संध्याकाळपर्यंत मीठ ओढणारा माणूस तो! पोट फाडलंय तरी 'हुं' म्हणाले का? त्यांच्या भरवशावर राहिलो तर तळमळत पडतील रात्रभर."

वन्संनी बापाच्या मुठीतून बटण काढून घेतलं आणि दाबलं. पंप 'टुंग' वाजला. कपाळावरची आठी हळूहळू विरली. आईने लेकीकडे कौतुकाने बघितलं. एवढी सोपी सेवा या दोघींना आयुष्यात प्रथमच सापडली होती, मग काय विचारता! मामंजी जरा हलले की बटण, ओठ मुडपले की बटण. पंपाला कुलूप असतं, दोन घोटांमध्ये ठरावीक वेळ जावा लागतो. पण वन्सं तो 'टुंग' ऐकू येईपर्यंत नेटाने दाबत राहायच्या.

"वन्सं, पुरे ना आता. झोपलेत ते."

"झोपेत दुखत नाही असं कुठल्या शाळेत शिकवलं तुला?" वन्सं म्हणाल्या. "तुझे वडील असते खाटेवर तर बसली असतीस अशी हाताची घडी घालून?"

सासूबाईंनी बटण तिच्यापुढे धरलं. "धर. तूही दाब. सासऱ्याची सेवा आहे, हात झिजत नाहीत."

मीरानला बोलणं झोंबलं. तिने बटण घेतलं आणि दाबलं. 'टुंग.' सासूबाईंनी पसंतीची मान हलवली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासूने अशी मान हलवल्याचं मीरानला आठवत नव्हतं.

मामंजी घोरायला लागले. खोल, खर्जातलं घोरणं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी कपाळाला हात लावून पडदा ओढून घेतला.

"ऐक," सासूबाई हसून म्हणाल्या, "महिन्यात असा झोपला नव्हता हा माणूस."

वन्सं बटण परत आपल्या मांडीवर घेऊन मोबाईलवर भावकीला खुशाली कळवत बसल्या. मीरानही टेकली. पण तिचा कान घोरण्यावरून हलेना. मामंजींचं घोरणं तिला परकं नव्हतं. भिंतीपलीकडून बारा वर्षं ऐकलेलं होतं. त्याला एक चाल होती, चढ आणि उतार. आज चढ होता आणि मग नुसती शांतता. पुन्हा चढ लागायचा तो घशात काही अडकल्यासारखा, खर्रकन. ती नकळत त्यांच्याबरोबर श्वास घ्यायला लागली. ते थांबले की ती थांबायची. एकदा तिच्या छातीत कळ आली, तिला श्वास सोडावा लागला, दुसरा घ्यावा लागला, तिसराही. मामंजींची छाती तशीच होती. मग एक खर्र.

"आई, हे बरोबर नाही वाटत."

"काय?"

"श्वास. मध्येच थांबतोय."

"अगं, घोरणारा माणूस थांबतोच मधेमधे. पन्नास वर्षं मी शेजारी झोपलेय की तू?" सासूबाई म्हणाल्या आणि स्टुलावरच्या मशीनकडे हनुवटी केली. "आणि तुझं ते जास्तीचं मशीन आहे ना? काही झालं तर बोंबलेल. उगाच कशाला जीव टांगणीला लावतेस?"

मीरानने मशीनकडे बघितलं. काळ्या झाकणाच्या कडेला एक हिरवा दिवा शांतपणे मिणमिणत होता. आत सगळं टिपलं जात असणार, आणि त्यातलं अवाक्षर कुणाला कळणार नव्हतं. हे या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. सांगावं तर आणखी बारा वर्षं ऐकावं लागेल, की सासऱ्याला प्रयोगाला दिलं आणि वर आम्हाला फसवलं. मामंजी खरंच नुसते झोपलेले असले तर? सगळ्या वॉर्डात तमाशा, आणि वन्सं ही गोष्ट प्रत्येक सणाला वाढतील. तिने स्वतःला समजावलं की पुढचा श्वास नीट आला तर गप्प बसायचं.

पुढचा श्वास येईना.

वन्संचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला. मामंजींचे ओठ जरा आक्रसल्यासारखे दिसले होते म्हणून असेल. मीरानने ते ओठ बघितले. वांग्याच्या सालीचा रंग चढत होता त्यांच्यावर.

"सोडा ते!" तिने वन्संच्या हातातून बटण हिसकावलं. वायर ताणली, खांब हलला.

"वेड लागलं का हिला! आई, बघ!"

"आई, ते मशीन बोंबलणार नाही!" मीरान ओरडली. "त्याचा भोंगा बंद आहे. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही तुम्हाला. मामंजी! मामंजी, उठा! श्वास घ्या!"

ती खांद्यांना धरून गदागदा हलवायला लागली. टाके विसरली, मान-मर्यादा विसरली. सासऱ्याच्या गालावर तिने उलट्या हाताने मारलं. डोकं उशीवर एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मीरानने उशाची घंटा दाबली. ती दाबून भागेना म्हणून दारात धावली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी किंचाळली, "श्वास थांबलाय! कुणीतरी या!"

मग सगळे आले. सिस्टरनी मान मागे केली, तोंडावर मास्क दाबून त्याचा रबरी फुगा पिळायला सुरुवात केली. एका तरुण डॉक्टरने डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "पंप बंद करा. उतारा आणा." प्यो सिस्टर धापा टाकत पोचल्या आणि पहिल्यांदा त्यांनी मशीनवरचं झाकण उचकटून काढलं. पडद्यावर एक रेघ होती, सपाट, मिठागराच्या बांधासारखी. फुगा पिळला की तेवढ्यापुरती उचलायची.

उतारा शिरेत गेला. तिघी बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. वन्संनी मीरानचं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. मीरानच्या मनात एकच चाललं होतं: मी सही केली, मी बटण दाबलं, मी गप्प बसले.

रेघ स्वतःहून उचलली गेली. पुन्हा उचलली गेली. मामंजींनी डोळे उघडले, छत बघितलं, आणि मग त्यांनी असा टाहो फोडला की दारातली माणसं मागे सरली.

"उताऱ्याने औषधाचा सगळाच अंमल उतरला," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "दुखणारच. पण उतारा लवकर ओसरतो आणि ते औषध अंगात बराच वेळ राहतं. श्वास पुन्हा मंदावू शकतो. यांना अतिदक्षता विभागात हलवतोय. तिथे नेईपर्यंत झोपू द्यायचं नाही, आणि तसलं औषध आता लगेच देता येणार नाही."

प्यो सिस्टरांनी नाकाची नळी काढली आणि भोंगा वाजणारं साधं मशीन लावलं. मग त्या बायकांकडे वळल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "ओरडायला नाही आले मी. पण मला खरं कळायला हवं, नाहीतर या सगळ्याचा काही उपयोग नाही. बटण कोण दाबत होतं?"

वन्संची नजर मीरानकडे गेली. या घरात काही फुटलं, सांडलं, करपलं की ती नजर तिकडेच जायची. मीरानने सवयीने तोंड उघडलं. "मी..."

"हिने एकदा," सासूबाई म्हणाल्या. आवाज चिरका होता, पण शब्द स्पष्ट होते. "तेही मी हातात कोंबलं म्हणून. बाकी सगळं आम्ही. ही नको नको म्हणत होती. असंच्या असं लिहा."

"मशीनचं मी लपवलं, आई."

"ते घरी बघू," सासूबाई म्हणाल्या आणि खाटेकडे गेल्या.

मामंजी घामाने डबडबले होते. दोन्ही हातांनी त्यांनी खाटेचे दांडे धरले होते. नजर भिरभिरत बायकोवर येऊन थांबली.

"अगं," ते म्हणाले. "ते बटण. दाब ना."

या माणसाने पन्नास वर्षांत सासूबाईंकडे कधी काही मागितलं नव्हतं. ताट पुढे आलं की जेवायचं, नाही आलं तर मिठागराकडे चालू लागायचं. चांगलं झालंय म्हणायचं नाही, नकोय म्हणायचं नाही. आणि आज मागत होता तो, सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखा.

"एकदाच. एकदाच दाब गं."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पाया पडतो तुझ्या."

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड दोन्ही तळहातांत घट्ट धरलं.

"नाही म्हणते ना! नाही देणार. ओरडा. शिव्या द्या मला. पण डोळे मिटू नका."

मामंजींनी शिवी दिली. मिठागरातली, खारट, बायकांसमोर कधी न उच्चारलेली.

"हं," सासूबाई हुंदका गिळून म्हणाल्या. "आणखी."