झुलीवरून घेतलेलं माप

डॉक्टरांनी कालवडीच्या अंगातून हात बाहेर काढला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

पाटीवर माझंच अक्षर होतं. नखरेल, वय चौदा महिने, छाती एकशे पन्नास सेंटिमीटर, भरवली. आमच्या गोठ्याचा नियमच आहे, छाती दीडशे झाल्याशिवाय कालवड भरवायची नाही, म्हणजे गाभण करायची नाही. महिने काय कुणीही मोजतं, अंग मोजा, असं डॉक्टर कायम सांगत आले.

"वाट अरुंद लागतेय," ते म्हणाले. "वासरूही मोठं आहे. पण माप तर बरोबर दिसतंय तुमचं. दोर लावून ओढू, येईल."

सासूबाई दोर आणायला वळल्या.

माप बरोबर नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी मोजलं त्या सकाळी कडाक्याची थंडी होती, नखरेलच्या अंगावर गोणपाटाची दुहेरी झूल होती आणि मी टेप झुलीवरूनच फिरवली. बरोब्बर दीडशे. झूल काढून पुन्हा मोजायचं सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते, सुचलं होतं. पण हिची आई तीन वर्षांची होऊन व्याली, तोवर नुसती खाऊन लठ्ठ झाली, दूधही बेताचंच दिलं. "तुझ्या हाताखाली कालवडी म्हाताऱ्या होतात," हे मी सासूबाईंकडून उठताबसता ऐकलं होतं. मला दोन वर्षांच्या आत वेत करून दाखवायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

नखरेल माझ्याकडे बघत कण्हली. पलीकडच्या गोठ्यात अशीच एक ओढून मोकळी केलेली मी बघितली होती. वासरू निघालं, पण तिचे मागचे पाय गेले ते गेलेच. आठ दिवस ती खुरडत होती.

सासूबाईंनी दोर पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले. "ते माप झुलीवरून घेतलंय."

डॉक्टरांचा हात तिथेच राहिला. सासूबाईंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"खरं किती असेल?"

"सहा-सात कमी."

"मग ओढायचं नाही. पोट उघडावं लागेल."

तासभर मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. वासरू जिवंत निघालं. हात धुताना डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उभी राहिली तर वाचली. या वेताला दुधाची आशा ठेवू नका, तिचं स्वतःचंच वाढायचं राहिलंय."

ते गेले. ऊन उतरू लागलं तरी नखरेल हलेना. सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

"बोलून घ्या एकदाचं," मी म्हणाले.

"काय बोलू? तू टेप फिरवलीस तेव्हा मी दारातच उभी होते. झूल मला दिसत होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मलाही लवकर वेत हवं होतं गं."

नखरेलने मागचं अंग उचललं, थरथरली, पुन्हा बसली. आम्ही दोघींनी एकदमच तिच्या पोटाखाली हात घातले. तिसऱ्या खेपेला ती चारी पायांवर उभी राहिली, तरी हात काढून घ्यायचं धाडस दोघींपैकी कुणाचंच झालं नाही.