धाकटीचा मसुदा

देशाचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण लिहायला समिती नेमली गेली आणि प्रमुखपद मिळालं थोरलीच्या धाकट्या जावेला. थोरली त्याच मंत्रालयात तीस वर्षं तक्रारींच्या खिडकीवर. धाकटी विद्यापीठातून आलेली, नोकरीला सहा वर्षं. सासूबाई शेजारणींना कौतुक सांगत होत्या, तेव्हा थोरली कपबश्या विसळत होती. नळ तिनं मुद्दाम मोठा सोडला.

मंत्रालयाची एक रीत होती. मसुदा सगळ्या विभागांत फिरायचा. गुरुवारी पाचपर्यंत ज्याचा शेरा आला नाही, त्याची संमती धरायची. तक्रार विभागाचा शेरा थोरली लिहायची आणि त्याची भल्याभल्यांना धास्ती. साधा स्वल्पविराम तिच्या नजरेतून सुटत नसे.

चौऱ्याऐंशी पानं तिनं दोनदा वाचली, चुका काढायलाच. काम चोख होतं, आणि तेच जास्त झोंबलं. अखेर एकसष्टाव्या पानावर हवं ते सापडलं. निवृत्तिवेतनाचे, औषधोपचाराच्या मदतीचे अर्ज यंत्र तपासणार, यंत्रच नाकारणार. मग माणसानं दाद कुणाकडे मागायची, ते चौऱ्याऐंशी पानांत कुठेच नव्हतं. खिडकीवर जन्म काढल्याशिवाय ते दिसणारंही नव्हतं.

तिनं पेनाला टोपण लावलं. मंत्री विचारतील, भर बैठकीत धाकटीची बोबडी वळेल, मग कळेल घरच्यांना कोण किती पाण्यात आहे ते.

बैठकीत कुणी काही विचारलंच नाही. मंत्र्यांनी पानं चाळली, बाकीच्यांनी टेबलं वाजवली, धोरण मंजूर. आता फक्त छपाई उरली.

बाहेर आल्यावर धाकटीनं तिचा हात धरला. "जाऊबाई, तुमचा शेरा आला नाही तेव्हा मी निवांत झाले. बाकीचे न वाचताच गप्प बसतात. तुम्ही तशा नाही."

चार शिव्या थोरलीनं सहज पचवल्या असत्या. हा विश्वास मात्र घशाखाली उतरेना. खिडकीशी परत आली तर समोर रांग. पहिल्याच म्हातारबांनी नामंजूर अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, आता कुणाला भेटू? तिनं त्यांचं काम उरकलं, खिडकी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे सोपवली आणि तडक धाकटीची खोली गाठली.

"एकसष्टावं पान काढ."

धाकटीनं वाचलं. तरी लक्षात येईना, तेव्हा थोरलीनं काय राहिलंय ते सांगितलं. धाकटीचा चेहरा उतरला.

"हे तुम्हाला कधी दिसलं?"

"सोमवारी."

"आणि गप्प राहिलात?"

"तू तोंडघशी पडावीस म्हणून."

 धाकटीनं छापखान्याला फोन करून छपाई थांबवली. मसुदा पुन्हा मंत्र्यांकडे न्यावा लागेल, चूक माझीच आहे, असं तिनं त्यांच्या कार्यालयाला शांतपणे कळवलं. थोरलीचं नाव तिनं घेतलं नाही.

म्हणजे मोठेपणातही हिचाच पहिला नंबर. 

"सरक जरा," थोरली म्हणाली, आणि खुर्ची ओढून राहिलेलं कलम लिहायला बसली.